गर्भधारणेची गोळी आणि इबोलाची वाट

क्लोमिफेन हे नाव आपल्याकडच्या असंख्य जोडप्यांना पाठ असतं. लग्नाला तीन-चार वर्षं होऊनही पाळणा हलेना, की स्त्रीरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा आधी हेच औषध येतं. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत सलग पाच दिवस घ्यायची ही स्वस्त गोळी. अमेरिकेत तिला १९६७ मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे औषधांच्या दुनियेत ती आता आजीच म्हणायची. काम एकच : बीजांडकोशाने वेळेवर एक स्त्रीबीज सोडावं.

जून २०१३ मध्ये ह्या आजीबाईंचं नाव भलत्याच ठिकाणी झळकलं. अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात फोर्ट डेट्रिक हा लष्करी तळ आहे आणि तिथल्या संशोधन संस्थेत जगातले अत्यंत घातक विषाणू कडेकोट बंदोबस्तात हाताळले जातात. तिथल्या संशोधकांनी एका खासगी कंपनीच्या मदतीने आधीच मान्यता मिळालेली औषधं एकामागून एक घेऊन इबोलाच्या विषाणूवर तपासली. हेतू व्यवहारी होता. नवं औषध घडवायला दशक जातं, तेव्हा दुकानात असलेल्यांतलं एखादं चालतंय का ते बघावं. चाळणीतून वर आली दोन औषधं : क्लोमिफेन आणि स्तनाच्या कर्करोगावरचं टोरेमिफेन. इबोलाची लागण केलेल्या उंदरांपैकी क्लोमिफेन दिलेले ९० टक्के जगले, टोरेमिफेन दिलेले निम्मे. इबोला ज्या उंदरांना सहसा जिवंत सोडत नाही, त्यांच्याबद्दल हे चाललंय!

आता स्त्रीबीज कुठे आणि इबोला कुठे?

दोन्ही औषधं एकाच घराण्यातली आहेत. इस्ट्रोजेन हे संप्रेरक पेशीत शिरून एका विशिष्ट प्रथिनाला चिकटतं. त्या प्रथिनाला इस्ट्रोजेन रिसेप्टर म्हणतात. तो जागा झाला की पेशीतली ठरावीक जनुकं चालू किंवा बंद होतात. क्लोमिफेन, टॅमॉक्सिफेन, टोरेमिफेन, रॅलॉक्सिफेन ही मंडळी त्याच प्रथिनावर जाऊन बसतात. पण सगळीकडे सारखी वागत नाहीत. टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं आणि हाडांत मात्र इस्ट्रोजेनसारखंच काम करतं. क्लोमिफेन मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये रिसेप्टर अडवून बसतं. मेंदूला वाटतं, शरीरात इस्ट्रोजेन कमी पडलंय, आणि तो बीजांडकोशाला जास्त जोराने हुकूम सोडतो. ऊतीगणिक वेगळी वागणूक, हाच ह्या घराण्याचा स्वभाव.

ह्या घराण्याचा इतिहास म्हणजे उलट्या निघालेल्या अपेक्षांची मालिका आहे. १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन ह्या रसायनतज्ज्ञ बाईंनी टॅमॉक्सिफेन पहिल्यांदा तयार केलं. हवी होती संबंधांनंतर घ्यायची गर्भनिरोधक गोळी. उंदीरमाद्यांत ती छान चालली. बायकांत मात्र तिने नेमकं उलटं केलं, स्त्रीबीज सुटायला मदतच केली. गर्भनिरोधक म्हणून फसलेला तो रेणू मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलमध्ये स्तनाच्या कर्करोगावर वापरून पाहिला गेला, त्याचे निष्कर्ष १९७१ मध्ये आले, आणि पुढे त्या गोळीने किती बायकांचं आयुष्य वाढवलं ह्याची मोजदाद करणं अवघड आहे.

ह्याच घराण्याची एक शाखा आपल्या देशातही आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत घडलेली, आठवड्यातून एकदा घ्यायची ‘सहेली’ ही गर्भनिरोधक गोळी १९९१ मध्ये बाजारात आली. सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात तीच ‘छाया’ नावाने मिळते, आणि महाराष्ट्रातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या आशाताईंना तिचं वेळापत्रक तोंडपाठ असतं : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. एक बहीण मूल व्हावं म्हणून, दुसरी होऊ नये म्हणून. रिसेप्टर तोच. (छाया घेतल्याने कुठला विषाणू दूर राहतो, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. व्हॉट्सॲपवर तो निघायला वेळ लागत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवलं.)

फोर्ट डेट्रिकच्या संशोधकांना साहजिकच वाटलं असणार, की इस्ट्रोजेन रिसेप्टरचा आणि इबोलाचा काहीतरी छुपा संबंध सापडला. तो तपासायची पद्धत सोपी आहे. ज्या पेशींत हा रिसेप्टर मुळातच नाही अशा पेशी घ्यायच्या, औषध टाकायचं आणि विषाणू सोडायचा. त्यांनी तसं केलं. रिसेप्टर नसलेल्या पेशींतही विषाणू अडला! म्हणजे ज्या गुणामुळे ह्या औषधाला नाव मिळालं, ज्यासाठी ते साठ वर्षं लिहून दिलं जातंय, त्या गुणाचा इथे काही संबंधच नव्हता. औषध कुठल्यातरी दुसऱ्याच वाटेने काम करत होतं. मला ह्या सगळ्या प्रकरणात सर्वांत थरारक वाटतो तो हा क्षण. आपण औषधाला त्याच्या कामावरून ओळखतो. शरीराच्या लेखी तो एक रेणू असतो, आणि त्याला कुठे कुठे चिकटता येतं ह्याची यादी आपल्या पाठ्यपुस्तकापेक्षा लांब असते.

ती दुसरी वाट समजायची तर इबोला पेशीत कसा शिरतो ते पाहायला हवं. हा विषाणू धाग्यासारखा लांब असतो आणि त्याच्या अंगभर एका प्रथिनाचे खुंट असतात. पेशी त्याला गिळते. अक्षरशः गिळते : पृष्ठभागाचा पडदा वर उचलून भोवतालच्या द्रवासकट विषाणूला आत ओढते आणि पिशवीत बंद करते. ही पिशवी जसजशी आत सरकते तसतशी आम्ल होत जाते. एरवी ही पेशीची पचनसंस्था, आत आलेल्या मालाचे तुकडे करणारी. इबोलाने तिचाच उपयोग करून घेतलाय. पिशवीतली पाचक प्रथिनं विषाणूच्या खुंटावरचं जाड साखरेचं आवरण कापून टाकतात आणि त्याखाली दडलेला भाग उघडा पडतो. तो जाऊन चिकटतो पिशवीच्या आतल्या बाजूला असलेल्या एनपीसी-१ नावाच्या प्रथिनाला. त्यानंतर खुंटातला एक टोकदार फास उसळून पिशवीच्या पडद्यात घुसतो, दोन्ही पडदे एक होतात आणि विषाणूची जनुकं पेशीत उतरतात.

एनपीसी-१ चं रोजचं काम कोलेस्टेरॉल पिशवीबाहेर काढणं. हे प्रथिन जन्मतः बिघडलेलं असेल तर मुलांना नीमन-पिक सी नावाचा दुर्मिळ आणि क्रूर आजार होतो. पेशींत कोलेस्टेरॉल साचत जातं, मेंदू हळूहळू निकामी होतो. २०११ मध्ये संशोधकांनी अशा रुग्णांच्या त्वचेतल्या पेशींवर इबोला सोडून पाहिला. त्यांना लागण झालीच नाही. ज्या उणिवेने त्या मुलांचं आयुष्य हिरावलं, तिनेच त्यांच्या पेशींना जगातल्या एका भयंकर विषाणूपासून पूर्ण संरक्षण दिलं होतं.

आता औषध नेमकं कुठे आडवं येतं? ह्याचं एक उत्तर २०१६ मध्ये ऑक्सफर्डहून आलं. तिथल्या संशोधकांनी इबोलाच्या खुंटाचे स्फटिक बनवले, त्यात टोरेमिफेन मुरवलं आणि क्ष-किरणांनी अणूनअणूची जागा टिपली. औषध खुंटातल्याच एका पोकळीत जाऊन बसलेलं दिसलं, त्या उसळणाऱ्या फासाच्या मुळाशी. पेशीच्या रिसेप्टरवर बसण्यासाठी घडवलेला रेणू चक्क विषाणूच्या अंगात मावला होता. तो तिथे बसला की खुंट डळमळीत होतो. एरवी ज्या तापमानाला हे प्रथिन उलगडतं, त्यापेक्षा १४ अंशांपर्यंत कमी तापमानाला ते उलगडू लागतं. परिणाम असा, की फास ठिकाणावर पोचण्याआधीच सुटतो. वरात मांडवात पोचायच्या आधी बार फुसका गेला, तसं. एकदा सुटलेला फास पुन्हा ताणता येत नाही आणि विषाणू पिशवीत अडकून पडतो.

उत्तर सुंदर आहे, पण पुरं नाही. कारण २०१५ मध्ये तशाच चाळणीतून नैराश्यावरचं सर्ट्रालिन आणि हृदयविकारावरचं बेप्रिडिल वर आलं, त्यांनीही उंदरांना वाचवलं. ह्या औषधांचा संप्रेरकांशी काडीचा संबंध नाही. मग ह्या सगळ्यांत समान काय? त्यांच्या रेणूंची ठेवण. एक बाजू तेलकट, दुसऱ्या टोकाला नायट्रोजनचा अणू, जो आम्लात गेला की धन विद्युतभार घेतो. असा रेणू पेशीच्या पडद्यातून आरामात आत जातो, त्या आम्ल पिशवीत शिरतो, तिथे भारित होतो आणि भारित झाल्यावर पडदा ओलांडून बाहेर येऊ शकत नाही. तास-दोन तासांत पिशवीत त्याचा साठा बाहेरच्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढतो. चरबीची विल्हेवाट अडते, कोलेस्टेरॉलची वाहतूक बिघडते, म्हणजे पेशीचं थोडंफार नीमन-पिकच होतं. अशा बिघडलेल्या पिशवीतून इबोलाला वाट सापडत नाही. मलेरियावरचं क्लोरोक्वीन, हृदयाचे ठोके सुधारणारं ॲमिओडॅरोन, सगळी ह्याच ठेवणीची.

करोनाची साथ आली तेव्हा ही गोष्ट फार महागात पडली. २०२० मध्ये जगभरच्या प्रयोगशाळांनी जुनी औषधं चाळायला घेतली आणि बशीतल्या पेशींत करोनाला अडवणाऱ्या औषधांची भली मोठी यादी तयार झाली. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतल्या ब्रायन शॉइकेट ह्यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या यादीकडे जरा थांबून पाहिलं. यादीतली सुमारे ६० टक्के औषधं ह्याच तेलकट-भारित ठेवणीची होती. त्यांच्यामुळे पेशींत चरबी किती साचते ते त्यांनी मोजलं. जितकी चरबी जास्त, तितका विषाणू कमी, दोन्ही आकडे हातात हात घालून चालले होते. मग काही औषधं लागण झालेल्या उंदरांना दिली, त्यांत टॅमॉक्सिफेनही होतं. फुप्फुसांतल्या विषाणूच्या संख्येत म्हणावी अशी घट झाली नाही. बशीत दिसलेला विजय म्हणजे विषाणूचा पराभव नव्हता, पेशी आजारी पडली होती. हा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये आला तेव्हा त्यातल्या कित्येक औषधांच्या चाचण्या माणसांवर सुरूही झाल्या होत्या. त्यांवर गेलेला पैसा आणि विशेषतः रुग्णांनी दिलेला वेळ परत येणार नाही.

इबोलाच्या बाबतीतही शेवटी बाजी मारली ती दुसऱ्याच कुणी. २०१४ ते २०१६ ह्या काळात पश्चिम आफ्रिकेत साथीने ११,००० हून अधिक बळी घेतले. त्या साथीत सिएरा लिओनमध्ये ॲमिओडॅरोन वापरून पाहिलं गेलं, पण त्याने इबोलाच्या उपचारांत जागा मिळवली नाही. टोरेमिफेनचा प्रश्न वेगळाच : हृदयाच्या विद्युतलयीवर त्याचा परिणाम होतो, म्हणून अमेरिकेत त्याच्या माहितीपत्रकावर ठळक इशारा छापावा लागतो. पुढे काँगोतल्या साथीत झालेल्या चाचणीत २०१९ मध्ये प्रतिपिंडांची दोन औषधं प्रभावी ठरली. त्यांतलं एक काँगोतल्याच किक्विट शहरातल्या १९९५ च्या साथीतून वाचलेल्या माणसाच्या रक्तातून मिळालेल्या प्रतिपिंडावर आधारलेलं आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की इस्ट्रोजेनचं नाव उगाच मध्ये आलं. तसं नाही. खरं इस्ट्रोजेन, शरीरात बनणारं, विषाणूंच्या बाबतीत अगदी उदासीन नाही. फक्त त्याची वाट वेगळी, आणि ती रिसेप्टरमधूनच जाते.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात साब्रा क्लाइन ह्यांच्या गटाने स्त्री-पुरुष स्वयंसेवकांच्या नाकातल्या अस्तराच्या पेशी घेतल्या, वाढवल्या आणि त्यांवर फ्लूचा विषाणू सोडला. काही पेशींना आधी इस्ट्रोजेन दिलं, काहींना हाडांच्या ठिसूळपणावरचं रॅलॉक्सिफेन. २०१६ मध्ये आलेला निष्कर्ष असा : स्त्रियांच्या पेशींत विषाणूची वाढ कमी झाली. पुरुषांच्या पेशींत काहीच फरक नाही. रिसेप्टर अडवणारं रसायन टाकलं की स्त्रियांच्या पेशींतलं ते संरक्षणही गेलं. म्हणजे इथे खरोखरच रिसेप्टरचा हात होता. बशीत ना बीजांडकोश, ना पाळी, ना रक्त. तरी त्या पेशींना आपण कुणाच्या नाकातल्या हे जणू ठाऊक होतं.

पण इस्ट्रोजेन म्हणजे ढाल, असं सरसकट म्हणायला जावं तर गरोदरपण आडवं येतं. गर्भारपणात इस्ट्रोजेनची पातळी कमालीची वाढते, आणि २००९ च्या स्वाइन फ्लूमध्ये गरोदर बायकांनाच आजार गंभीर होण्याचा धोका जास्त होता. तेव्हा पुण्यात नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना गरोदर बाईबद्दल घरोघरी असलेली धास्ती आठवत असेल. कारणं अनेक : वाढलेलं गर्भाशय फुप्फुसांना जागा कमी देतं, प्रोजेस्टेरॉनही वाढतं, गर्भाला परकं मानून हल्ला होऊ नये म्हणून प्रतिकारशक्तीचा तोल बदलतो. आणि इस्ट्रोजेन स्वतः कमी मात्रेत एक करतं, फार मोठ्या मात्रेत दुसरंच.

प्रोजेस्टेरॉनचा विषय निघालाच आहे, तर माकडांची गोष्ट सांगायला हवी. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी काही माकडिणींच्या त्वचेखाली प्रोजेस्टेरॉन बसवलं आणि एचआयव्हीच्या माकडांतल्या भावंडाशी योनीमार्गे संपर्क आणला. प्रोजेस्टेरॉनवाल्या १८ पैकी १४ जणींना लागण झाली, नसलेल्या १० पैकी एकीला. योनीच्या अस्तराचे थर प्रोजेस्टेरॉनमुळे पातळ झाले होते. पुढच्या प्रयोगात बीजांडकोश काढलेल्या माकडिणींना इस्ट्रोजेन दिलं, अस्तर जाड झालं, आणि त्यांतल्या एकीलाही लागण झाली नाही. हा काही रेणूंचा बारीक खेळ नाही. भिंत जाड की पातळ, इतकं साधं कारण.

ह्या निष्कर्षांनी जगभर काळजी पसरली, कारण तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं इंजेक्शन आफ्रिकेत कोट्यवधी बायका वापरतात. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ नावाने छायाच्या शेजारी ठेवलेलं असतं, तेच हे. त्याने एचआयव्हीचा धोका वाढतो का? वीसहून अधिक वर्षं वाद चालला. शेवटी दक्षिण आफ्रिका, केनिया, झांबिया आणि एस्वातिनी ह्या चार देशांत ७,८२९ बायकांची चाचणी झाली. इंजेक्शन, तांबी आणि दंडात बसवायची कांडी ह्यांपैकी काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. २०१९ मध्ये उत्तर आलं : तिन्ही गटांत एचआयव्हीच्या लागणीत लक्षणीय फरक नाही. माकडिणींतला तो ठसठशीत परिणाम बायकांत उतरला नव्हता. माझ्या मते अलीकडच्या काळातल्या अत्यंत महत्त्वाच्या चाचण्यांपैकी ही एक. पण ‘नाही’ असं उत्तर देणाऱ्या चाचण्यांच्या नशिबी मथळे नसतात.

एचआयव्हीची आणखी एक बाजू चक्रावून टाकणारी आहे. औषधं नियमित घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू दिसेनासा होतो, पण काही पेशींच्या जनुकांत तो झोपून राहतो. म्हणून औषधं आयुष्यभर. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे जोनाथन कार्न आणि सहकाऱ्यांना दिसलं, की त्याला झोपवून ठेवण्यात इस्ट्रोजेन रिसेप्टरचा हात आहे. इस्ट्रोजेन दिलं की झोप गाढ होते, स्त्रियांच्या पेशींत अधिकच. मग टॅमॉक्सिफेनने रिसेप्टर अडवला तर? विषाणू जागा होऊन उघड्यावर येईल आणि त्याला संपवता येईल. कल्पना फार देखणी. पाळी थांबलेल्या ३१ एचआयव्हीबाधित बायकांवर ती तपासली गेली. विषाणूला उठवणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या जोडीला टॅमॉक्सिफेन दिल्याने काहीही जास्त घडलं नाही.

करोनाकाळात पुरुष जास्त दगावतात हे दिसल्यावर लॉस एंजेलिसमध्ये पुरुष रुग्णांना प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं देऊन पाहिली, रुग्ण ४०, निष्कर्ष आशादायक पण लहान. स्वीडनमध्ये उलट्या बाजूने, म्हणजे पुरुषी संप्रेरक अडवणाऱ्या एन्झालुटामाइडने प्रयत्न झाला, तर ते घेतलेल्यांना रुग्णालयात जास्त दिवस राहावं लागलं. चाचणी थांबवली.

इतक्या आशा बशीत का फुलतात? थोडं बशीकडेही पाहायला हवं. विषाणूंच्या प्रयोगात सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हेरो पेशी १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात एका आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून घेतल्या गेल्या. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत २०२० मध्ये भारतातला करोना विषाणू वेगळा केला गेला तो ह्याच पेशींत. ते माकड मादी होतं. फुप्फुसाच्या प्रयोगांत लोकप्रिय असलेल्या काल्यू-३ पेशी एका पुरुषाच्या. नाकाच्या त्या प्रयोगानंतर हा तपशील किरकोळ राहत नाही, आणि तरी कित्येक शोधनिबंधांत तो लिहिलेलाच नसतो.

त्याहून मजा पेशी ज्या द्रवात वाढतात त्याची. तो गुलाबी असतो. आम्लता बदलली की रंग बदलावा म्हणून त्यात फिनॉल रेड नावाचा रंग घातलेला असतो, पिढ्यान्‌पिढ्या, सगळ्या प्रयोगशाळांत. १९८६ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या कॅट्झेनेलेनबोगेन दांपत्याच्या गटाला आढळलं, की हा रंग पेशींवर सौम्य इस्ट्रोजेनसारखा परिणाम करतो. दोन वर्षांनी त्यांनीच दाखवलं, की दोष मूळ रंगाचाही नाही, त्यात राहून गेलेल्या किंचित अशुद्ध घटकाचा आहे. ‘इस्ट्रोजेन न दिलेला गट’ म्हणून ज्या पेशींशी तुलना व्हायची, त्यांना ते थोडंथोडं मिळतच होतं. म्हणून आता संप्रेरकांचे प्रयोग करणारे लोक बिनरंगी द्रव मागवतात, आणि त्यात घालायचं वासराचं सीरम आधी कोळशातून काढून घेतात.